सूज उतरण्याआधीचे निकाल

नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवड्याभराने नाकावरची कडक पट्टी काढतात. त्या दिवशी आरशात दिसणारं नाक सुजलेलं असतं. डोळ्यांखालचा काळानिळा रंग पिवळट पडत चाललेला असतो, वरचा ओठ ताठरलेला असतो आणि हसू नेहमीसारखं उमटत नाही. सुजेचा मोठा भाग पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. पण नाकाच्या शेंड्यावरची उरलीसुरली सूज जायला बारा महिने लागतात, त्वचा जाड असेल तर कधी दीड वर्षही. सर्जनला हे माहीत असतं आणि रुग्णालाही बहुधा सांगितलेलं असतं. पट्टी निघाल्यावर दोनच दिवसांनी टाकलेल्या फोटोखाली ‘हे काय करून घेतलंस?’ असं लिहिणाऱ्याला मात्र ते माहीत नसतं, आणि लिहिण्याआधी माहीत करून घ्यावं असं त्याला वाटलेलंही नसतं.

‘दुर्लक्ष कर’ आणि ‘मन घट्ट कर’ हे दोन सल्ले अशा वेळी हमखास मिळतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण दोन्ही सल्ल्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कमेंट येणारच, ती वाचली जाणारच, आणि ती झेलण्याची ताकद जखम भरत असलेल्या माणसाने स्वतःच कुठून तरी आणायची. हे मला मान्य नाही. सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या शेऱ्यांचा बंदोबस्त हा शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचाच भाग आहे. टाके कधी काढायचे, कुशीवर कधी झोपायचं, उन्हात कधी जायचं हे आधी ठरतं. तसंच फोटो कधी टाकायचा, कमेंट कोण वाचणार, कुणाला उत्तर द्यायचं आणि कुणाला नाही, हेही शस्त्रक्रियेच्या तारखेआधी ठरलेलं असायला हवं. आणि ते ठरवण्याची जबाबदारी एकट्या रुग्णाची नाही.

यामागे मन दुखावण्यापलीकडचं, निव्वळ वैद्यकीय कारण आहे. शेऱ्यांनी हादरलेला माणूस घाई करतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, शेंडा अजून सुजलेला असतानाच तो ‘हे दुरुस्त करून द्या’ म्हणत दुसऱ्या सर्जनकडे जातो. नाक दुसऱ्यांदा उघडताना आत व्रणाच्या ऊती तयार झालेल्या असतात, त्यामुळे थर नीट वेगळे होत नाहीत. नाकाच्या पडद्यातली कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊती, पहिल्याच वेळी वापरली गेली असेल, तर आधारासाठी कानाची किंवा बरगडीची कूर्चा काढावी लागते. म्हणजे शरीरावर आणखी एक जखम होते, खर्च वाढतो, आणि निकालाची खात्री पहिल्या वेळेपेक्षा कमी असते. म्हणूनच एरवी बहुतेक सर्जन दुरुस्तीसाठी किमान एक वर्ष थांबायला सांगतात. अनोळखी लोकांच्या चार ओळींमुळे हे एक वर्ष मोडलं गेलं, तर नुकसान थेट शरीराचं होतं.

इतर शस्त्रक्रियांचंही वेळापत्रक असंच संथ आहे आणि बघणाऱ्यांना ते अजिबात ठाऊक नसतं. पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, काळंनिळंपण एक-दोन आठवड्यांत जातं, पण चिरेची लाली बरेच महिने राहते. चेहऱ्याची त्वचा ताणून घेतली असेल तर पहिले दोन-तीन आठवडे चेहरा ताठ, कधी एका बाजूला जास्त सुजलेला दिसतो आणि कानाजवळचा बधिरपणा महिनोन्‌महिने टिकू शकतो. चरबी काढल्यावर आवळपट्टा काही आठवडे घालावा लागतो आणि खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो. केसांच्या रोपणात तर लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात. मुळं आत शाबूत असतात, नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवतात आणि पूर्ण चित्र दिसायला वर्ष लागतं. याच गळतीच्या काळात ‘पैसे पाण्यात गेले’ अशा कमेंट्सचा पाऊस पडतो. सुरकुत्यांसाठी टोचलेल्या बोटॉक्सचा पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी दिसतो, आणि ओठ भरीव करण्यासाठी टोचलेल्या फिलरची सूज उतरायलाही तेवढा वेळ द्यावा लागतो. कुठलाही व्रण पिकून फिका पडायला बारा ते अठरा महिने घेतो.

मनाचंही असंच आहे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. त्यातच भुलीचा थकवा, वेदनाशामक गोळ्या, उशा रचून डोकं उंच ठेवून घेतलेली तुटक झोप, व्यायाम बंद, घरातच कोंडलेले दिवस. या पहिल्या दोन आठवड्यांत उदास वाटणं, रडू येणं, ‘मी हे कशाला केलं’ असं वाटणं सर्रास घडतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत सूज उतरते तसं ते ओसरतं. शंका आधीच मनात असते, कमेंट तिला शब्द देते. ‘नाक वाकडं झालंय’ हे वाक्य एरवी उडवून लावता आलं असतं. पाचव्या दिवशी ते निदानासारखं वाटतं.

शिवाय वाईट गोष्टी चांगल्यांपेक्षा मनावर जास्त खोल उमटतात. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मानसशास्त्रातल्या पुष्कळ संशोधनाचा आढावा घेऊन हेच दाखवलं होतं. चाळीस कौतुकांमध्ये एक टोचणारी कमेंट असली तर रात्री आठवते ती तीच. यात कमकुवतपणा काही नाही. मनाची घडणच तशी आहे. म्हणूनच ‘वाच, पण मनाला लावून घेऊ नकोस’ हा सल्ला चालत नाही. वाचणंच कमी करायला हवं.

सगळे शेरे एका माळेचे नसतात. उघड टिंगल, म्हणजे ‘प्लास्टिक’, ‘बाहुली’, विदूषकाचे इमोजी, ओळखायला सोपी असते. लिहिणाऱ्याला समोर माणूस दिसत नाही, स्वतःचं नाव लपवता येतं, बोलल्याचा परिणाम समोरच्या चेहऱ्यावर पाहावा लागत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये ऑनलाइन वागण्यातल्या या सुटलेल्या संयमाचं सविस्तर वर्णन केलं आहे. अशी टिंगल पुसून टाकता येते. खरा त्रास देते ती कौतुकाचं रूप घेऊन येणारी कमेंट: ‘आधीच किती छान दिसत होतीस!’ हिच्यावर रागावता येत नाही, कारण लिहिणारी मैत्रीण असते, मावशी असते, जुनी सहकारी असते. हे वाक्य आधी कधीच बोललं गेलेलं नसतं. ज्या वर्षांत त्या नाकावरून चिडवलं गेलं, फोटोत मान वळवून उभं राहावं लागलं, त्या वर्षांत ते कुणी म्हटलं असतं तर कदाचित उपयोग झाला असता. आता परतीची वाट नाही, तेव्हा या वाक्याने फक्त पश्चात्ताप मागितला जातो. ज्यांना मनापासून आपलेपणा दाखवायचा आहे त्यांनी हे एक वाक्य तरी कायमचं टाळावं.

असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांचीही एक अडचण आहे, आणि ती समजून घेतली तर थोडा दिलासा मिळतो. ओळखीच्या चेहऱ्याची आपल्याला सवय झालेली असते आणि सवयीचं ते आवडतं. १९७७ मध्ये मीता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात लोकांना स्वतःच्या फोटोंपैकी आरशासारखी उलटी प्रतिमा जास्त आवडली, तर त्यांच्या मित्रांना सरळ प्रतिमा आवडली. चेहरा एकच होता, पण ज्याला जी बाजू रोज दिसते ती त्याला बरी वाटली. बदललेल्या चेहऱ्याकडे पाहून पहिल्या क्षणी ‘काहीतरी चुकलंय’ असं जे वाटतं, त्यात बराच वाटा या मोडलेल्या सवयीचा असतो. तो क्षण ओसरतो. कमेंट मात्र त्याच क्षणी लिहिली जाते आणि मग तिथेच राहते.

स्वतःलाही हाच न्याय लावावा, कारण सेल्फी खोटं बोलते. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ नाक असतं, म्हणून ते फुगून येतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशोब मांडला होता की बारा इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते. निकाल पाहायचाच असेल तर रीत ठरवून घ्यावी. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, किमान दीड मीटर लांब, शक्य तर दुसऱ्या कुणाच्या हातात. खिडकीकडे तोंड करून, दिवसाच्या त्याच वेळी, फिल्टरशिवाय. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरपे असे पाच फोटो. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, नंतर महिन्यातून एकदा. हे फोटो सर्जनला दाखवण्यासाठी आहेत, टाकण्यासाठी नाहीत. कुणी ‘एक बाजू मोठी वाटते’ असं लिहिलं तर ते मनात घोळवत बसण्यापेक्षा पुढच्या भेटीच्या प्रश्नांत नोंदवावं आणि हीच फोटोंची रांग पुढे ठेवावी. कुठल्याही चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, आणि शस्त्रक्रियेआधीच्या फोटोंत हा फरक होता का, हे तिथे लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे वेगळी ठेवायला हवी. एका बाजूची सूज अचानक वाढणं, ताप, पू, थांबत नसलेला रक्तस्राव, फिलरनंतर त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडणं, तीव्र वेदना, डोळ्यांना कमी किंवा धूसर दिसणं ही धोक्याची लक्षणं आहेत. अशा वेळी फोटो टाकून ‘हे नॉर्मल आहे का?’ असं विचारण्यात गेलेला प्रत्येक तास महागात पडू शकतो. थेट क्लिनिकला फोन करावा, तो लागला नाही तर आपत्कालीन विभाग गाठावा. लोकांच्या कमेंट्स इथे दोन्ही बाजूंनी घातक ठरतात. ‘माझंही असंच झालं होतं, जाईल’ हे दिलाशाचं वाक्यही तितकंच घातक.

आता तयारीकडे वळू. शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी तीन निर्णय कागदावर लिहावेत. पहिला, कुणाला सांगायचं. घरातले आणि दोन-तीन विश्वासू माणसं पुरेशी असतात. बाकीच्यांसाठी एकच ठरलेलं वाक्य असावं आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत असावं, नाहीतर एकजण ‘पडली होती’ म्हणतो आणि दुसरा ‘ऑपरेशन झालं’ म्हणतो, आणि त्या फटीतून चर्चा सुरू होते. दुसरा, पहिला फोटो कधी. नाकासाठी तीन महिन्यांआधी चेहऱ्याचा जवळचा फोटो टाकू नये, केसांच्या रोपणासाठी सहा महिन्यांआधी नाही, हे माझं मत. ज्यांना प्रवास उघडपणे मांडायचा आहे त्यांनीही फोटो त्या त्या दिवशी काढावेत आणि काही महिन्यांनी एकत्र टाकावेत. तेव्हा निकाल हातात असतो आणि मन स्थिरावलेलं असतं. तिसरा, राखणदार कोण. एका माणसाला खात्याचा ताबा द्यावा किंवा त्याच्याकडून कमेंट्स तपासून घ्याव्यात. त्याने काय करायचं तेही ठरवून द्यावं: टिंगल काढून टाकायची, धमकी जपून ठेवायची, खरे प्रश्न बाजूला काढायचे आणि वाईट शेरे वाचून दाखवायचे नाहीत. ‘बघ ना, लोक काय म्हणतायत’ म्हणून स्क्रीनशॉट पाठवणारा मित्र या कामाला नको.

अ‍ॅपमधल्या सोयी बऱ्याच जणांना अर्धवटच माहीत असतात. इन्स्टाग्रामवर एखाद्या पोस्टच्या कमेंट्स बंद ठेवता येतात, किंवा त्या फक्त ओळखीच्यांपुरत्या ठेवता येतात. ‘हिडन वर्ड्स’मध्ये स्वतःची शब्दयादी घालता येते, त्या शब्दांच्या कमेंट्स आपोआप लपतात. शब्दाची वेगळी रूपं या यादीतून निसटू शकतात, त्यामुळे एकच स्पेलिंग घालून भागत नाही. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत, चुकीच्या स्पेलिंगांसह, मधे टिंब किंवा आकडा घालून लिहिलेली रूपंही घालावीत, आणि विदूषक, डुक्कर, उलटी असे इमोजीसुद्धा. पंचवीस-तीस नोंदी केल्या की बरीचशी घाण दारातच अडते. ‘रिस्ट्रिक्ट’ ही सोय नातेवाईक आणि सहकाऱ्यांसाठी फार उपयोगी आहे. त्या व्यक्तीची कमेंट तिला स्वतःला दिसत राहते, इतरांना तुम्ही मान्य केल्याशिवाय दिसत नाही, आणि तिला याची सूचना जात नाही. ब्लॉक केल्यावर होणारा रुसवा त्यामुळे टळतो. यूट्यूबवर कमेंट्स तपासणीसाठी अडवून ठेवता येतात, एक्सवर उत्तर कोण देऊ शकेल हे ठरवता येतं. हे सगळं शस्त्रक्रियेआधी करावं. सुजलेल्या डोळ्यांनी आणि गोळीच्या गुंगीत सेटिंग शोधत बसणं जमत नाही, आणि शोधता शोधता नजर कमेंट्सवर जातेच.

मग उत्तर द्यायचं की नाही? पहिले दोन आठवडे कुणालाही नाही. त्यानंतर ज्यांच्याशी नातं टिकवायचं आहे त्यांनाच, आणि तेही एकदाच. अनोळखी टिंगलीला दिलेलं उत्तर कितीही चपखल असलं तरी तोट्यात जातं, कारण अनेक अ‍ॅप्स ज्या कमेंटखाली जास्त बोलणं होतं ती वर आणतात. बाजू घ्यायला धावलेल्या मित्रांमुळेही हेच होतं. त्यांना आधीच सांगून ठेवावं की तिथे भांडू नका; कमेंट रिपोर्ट करा आणि मला स्वतंत्र मेसेज पाठवा. ओळखीच्यांसाठी उत्तर लहान असावं आणि त्यात समर्थन नसावं. ‘हो, शस्त्रक्रिया झाली. मी बरी आहे. चेहऱ्याबद्दल इथे बोलायचं नाहीये.’ एवढं पुरतं. ‘कारण मला लहानपणापासून...’ असं वाक्य सुरू झालं की पुढे खटला चालतो आणि प्रत्येकजण न्यायाधीश होतो. ‘आधीच छान होतीस’ला ‘मला आता छान वाटतंय’ हे उत्तर सभ्य आहे आणि विषय तिथेच संपवतं. कुठे केलं, किती खर्च आला असं विचारणाऱ्यांत काहींना खरंच माहिती हवी असते. त्यांना खासगीत सांगावं, उघड्या कमेंटमध्ये नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा सुरू झाली तर ग्रुप म्यूट करून घरातल्या एखाद्या वजनदार व्यक्तीला विषय थांबवायला सांगावं. ते काम तिने केलं की चर्चा विझते. स्वतः केलं तर ‘इतकं काय लागलं’ असं ऐकावं लागतं.

धमकी, पैशांची मागणी, फोटोची अश्लील मोडतोड, घरचा पत्ता उघड करणं हे प्रकार कमेंटच्या पलीकडचे आहेत. इथे आधी पुरावा आणि मग ब्लॉक, हा क्रम चुकवू नये. ब्लॉक केल्यावर समोरच्याचं खातं आणि जुने मेसेज पुन्हा हाती लागणं कठीण होतं. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव, तारीख-वेळ आणि आजूबाजूचं संभाषण यायला हवं. पोस्टची आणि खात्याची लिंक वेगळी लिहून ठेवावी, कारण दिसणारं नाव क्षणात बदलता येतं. शरीराच्या शस्त्रक्रियेचे खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सेवा २०२१ पासून आहे. तिथे फोटो अपलोड होत नाही; तुमच्याच फोनवर त्याचा एक संख्यारूपी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो ओळखून अडवतात. आणि अर्थात पोलिसांकडे तक्रार करावी.

एक अवघड मुद्दा अनेकदा झाकला जातो. रुग्णांवर येणाऱ्या शेऱ्यांचा एक स्रोत क्लिनिकच स्वतः असतं. ‘आधी आणि नंतर’चे फोटो क्लिनिकच्या पानावर लागतात, खाली कमेंट्स उघड्या असतात, आणि शेकडो लोक कुणाच्या तरी हनुवटीवर मत देतात. लोक जितके भांडतील तितकी जाहिरात पसरते. मला हे अक्षम्य वाटतं. फोटोची संमती शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात एका ओळीत घुसवलेली नसावी. तिचा कागद वेगळा, सही वेगळी. सही करण्याआधी रुग्णाने विचारावं: फोटो कुठे वापरणार, चेहरा ओळखू येईल का, तीळ, गोंदण, दागिने झाकणार का, कमेंट्स बंद ठेवणार का, आणि मी नंतर नाही म्हटलं तर किती दिवसांत काढणार. नकार दिल्याने उपचारात काही फरक पडणार नाही, हेही लिहून घ्यावं. सवलतीच्या बदल्यात फोटो मागितला जात असेल तर ती सवलत महाग आहे.

‘स्वतःच्या हौसेने केलं, स्वतःच फोटो टाकला, मग ऐकून घ्यायला काय हरकत आहे?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण शस्त्रक्रियेचा निर्णय स्वतःचा असला म्हणून शरीर सार्वजनिक होत नाही. फोटो टाकणं म्हणजे स्वतःला दाखवणं. त्यातून मत मागितलं जात नाही. शिवाय जे लोक दिसण्यावरून टिंगल करून माणसाला शस्त्रक्रियेपर्यंत नेतात, तेच शस्त्रक्रियेनंतर खोटेपणाबद्दल टिंगल करतात. त्या दोन टिंगलींच्या मधे माणसाला उभं राहायला जागाच उरत नाही.

या युक्तिवादाचा एक रास्त भाग मात्र मान्य करायला हवा. सौंदर्याच्या उद्योगावर टीका होणं गरजेचं आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनसारखे उपचार मिळून सुमारे साडेतीन कोटी प्रक्रिया झाल्या. एवढ्या मोठ्या व्यवसायाला प्रश्न विचारलेच पाहिजेत. शस्त्रक्रियेने मिळालेला चेहरा क्रीमचा परिणाम म्हणून विकणाऱ्याला जाबही विचारला पाहिजे, कारण तिथे ग्राहकाची फसवणूक आहे. पण ती टीका दाव्यावर, जाहिरातीवर, किमतीवर असते. ती करताना कुणाच्या ओठांची तुलना कशाशी तरी करण्याची गरज पडत नाही. काही विकत नसलेल्या सामान्य माणसावर तर ‘केलं की नाही’ हे सांगण्याचंही बंधन नाही. तो त्याचा वैद्यकीय इतिहास आहे.

बघणाऱ्यांना वागायला शिकवता येतं, याचा पुरावा प्लास्टिक सर्जरीच्याच इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात हॅरॉल्ड गिलीज हे चेहरा उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत. रुग्णालयातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवले होते, म्हणजे त्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून धक्का बसू शकेल हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधीच कळावं. तिथे काळजी घेतली गेली ती बघणाऱ्याची. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्याच ईस्ट ग्रिनस्टेड या गावी सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी उलट दिशेने काम केलं. भाजलेल्या वैमानिकांना त्यांनी गावात, पबमध्ये, लोकांच्या घरी पाठवलं आणि गावकऱ्यांना आधी समजावलं की टक लावून पाहू नका, नजर चुकवू नका, नेहमीसारखं बोला. रुग्णांनी १९४१ मध्ये स्थापन केलेल्या ‘गिनी पिग क्लब’चे युद्ध संपेपर्यंत ६४९ सदस्य झाले, आणि ते गाव ‘टक लावून न पाहणारं गाव’ म्हणून ओळखलं गेलं. युद्धात भाजणं आणि स्वेच्छेने नाक बदलणं यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरं. पण रुग्णाला कणखर व्हायला सांगण्याऐवजी मॅकिंडोंनी आजूबाजूच्यांना तयार केलं, आणि ते उपचाराचा भाग म्हणून केलं. हे आजही करता येण्यासारखं आहे.

काही माणसांना मात्र कमेंट्स थांबल्या तरी चैन पडत नाही. दिवसातले तास आरशापुढे किंवा जुने शेरे पुन्हा पुन्हा वाचण्यात जाणं, चेहरा झाकल्याशिवाय बाहेर न पडणं, प्रत्येक भेटीत लोकांना ‘नीट दिसतंय ना?’ विचारत राहणं, इतरांना न दिसणारा दोष स्वतःला ढळढळीत दिसणं, ही बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरची चिन्हं असू शकतात. सर्वसाधारण लोकांत सुमारे दोन टक्क्यांना हा विकार असतो आणि सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत त्याचं प्रमाण याहून बरंच जास्त आढळतं. तो शस्त्रक्रियेने बरा होत नाही. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी मानसोपचाराची पद्धत, आणि काही औषधांनी त्याला चांगला उतार पडतो. म्हणून शस्त्रक्रियेआधीच त्याची चाचपणी व्हायला हवी. आणि जगू नये असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं, डॉक्टरांकडे किंवा आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनवर. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

सर्जन आणि क्लिनिककडून यातलं फार थोडं सध्या मिळतं, म्हणून मागणी नेमकी असावी. पहिल्या भेटीत अंतिम निकालाच्या फोटोंबरोबर तिसऱ्या दिवसाचे, दहाव्या दिवसाचे आणि तिसऱ्या महिन्याचे फोटोही दाखवावेत. लोक काय म्हणू शकतील आणि ते कधी खोटं ठरेल, यासाठी दहा मिनिटं द्यावीत. घरी पाठवताना औषधांच्या कागदावरच पहिला फोटो टाकण्याचा सर्वांत लवकरचा दिवस लिहावा. चौथ्या-पाचव्या दिवशी, सूज अजून बरीच असताना आणि उदासी भरात असताना, क्लिनिकमधल्या कुणीतरी फोन करावा आणि टाके, दुखणं यांच्याबरोबर झोप कशी आहे, कुणी काही बोललं का, हेही विचारावं. दुरुस्तीची मागणी आली तर तपासणीआधी एक प्रश्न लिहून घ्यावा: हे तुम्हाला स्वतःला कधीपासून खटकतंय, की कुणी सांगितल्यापासून? उत्तर ‘सांगितल्यापासून’ असेल, श्वासाला अडथळा नसेल आणि वर्ष पूर्ण झालेलं नसेल, तर पुढच्या भेटीची तारीख तीन महिन्यांनंतरची द्यावी आणि तोवर दरमहा तसेच पाच फोटो काढायला सांगावेत.